खळ्यावरचा सामना

"हे बूट घाल. नाहीतर चेंडू ठेव खाली आणि जा, रोलर ओढ."

ओव्हरसियर जयसिंगरावांनी बुटांची जोडी कुशाबाच्या पुढ्यात टाकली. टाकली म्हणजे फेकलीच. एक बूट सरळ पडला, दुसरा उताणा. कुशाबाने आधी बुटांकडे पाहिले, मग साहेबांकडे, मग पायाखालच्या जमिनीकडे. हातातला चेंडू त्याने बोटांत एकदा फिरवला, पण खाली ठेवला नाही.

"साहेब, हितं पायताण घालीत न्हाईत."

"मी घालतो. माझे सगळे गडी घालतात."

"तुमी परकं. आमच्यातलं कुनी घालीत न्हाई. खळं हाय ह्ये, लक्षुमीचं."

"खळं होतं," जयसिंगराव म्हणाले. "आता हे कंपनीचं मैदान आहे. आठ दिवसांनी खंडाळ्याचा संघ ढालीसाठी खेळायला येतोय. मोठे साहेब मांडवात बसतील, त्यांच्या मडमा येतील. अनवाणी माणूस माझ्या संघात दिसणार नाही. आठ दिवस आहेत तुला. पाय शिकव."

ते एकोणीसशे पंचवीस साल. मुळशीला धरणाची भिंत निम्म्याच्या वर चढली होती आणि पाणी कुठवर येणार याचे चुना फासलेले दगड कंपनीने डोंगराच्या पोटाला ओळीने रोवून ठेवले होते. मालेच्या पलीकडची टेंभवाडी त्या दगडांच्या पुष्कळ खाली होती. वाडीतल्या पाच घरांचे मिळून एकच मोठे खळे, मळणीच्या बैलांच्या दोन पाती एका वेळी फिरतील एवढे. पिढ्यान्‌पिढ्या शेणाने सारवून आणि बैलांच्या खुरांनी चोपून ते इतके घट्ट झाले होते की, धरणावरच्या बाबूलोकांना क्रिकेटची जागा हवी झाली तेव्हा साऱ्या खोऱ्यात त्यांना हेच खळे दिसले. भोवतालच्या खाचरांचे बांध मोडून मैदान केले आणि खेळपट्टी नेमकी खळ्यावर आखली.

जागा शोधणारे जयसिंगरावच. चार वर्षांपूर्वी साखळी घेऊन वाडीची जमीन मोजायला आलेलेही तेच. भाताच्या पिकत्या खाचरांना त्यांनी माळरान म्हणून लिहिले होते, म्हणजे भरपाई कमी द्यावी लागावी. वाडीत त्यांचे नाव घेऊन कुणी थुंकत नसे, कारण नाव न घेताच थुंकत.

आणि या माणसाच्या हाताखाली कुशाबा रोलर ओढत होता. थोरला भाऊ गेणबा धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात पकडला जाऊन येरवड्याला सहा महिने काढत होता, तेव्हा इकडे कुशाबा एका सकाळी पौडच्या कचेरीत गेला आणि आपल्या वाट्याच्या जमिनीवर आंगठा उठवून आला. का उठवला, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आले नसते. भ्याला होता, हे खरे. गेणबा सुटून आला, त्याने ऐकले आणि त्या दिवसापासून धाकट्या भावाशी एक शब्द बोलला नाही. घराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. गेणबाने मात्र आंगठा दिला नव्हता. सारी वाडी एकेक करून नमली, तो एकटा तसाच होता.

चेंडू कुशाबाच्या हाती आला तो अपघातानेच. रोलर ओढून झाल्यावर सीमेवर गेलेले चेंडू परत टाकायचे, एवढेच त्याचे काम. एकदा त्याने चेंडू टाकताना सवयीने बोटांनी पीळ दिला. जन्मभर मांडीवर वाखाचे दोर वळलेला हात तो, पीळ देणार नाही तर काय करणार! चेंडूने टप्पा खाल्ला, वीतभर आत वळला आणि जयसिंगरावांची मधली दांडी घेऊन गेला. जयसिंगराव म्हणाले, "पुन्हा टाक." पुन्हा दांडी. तिसऱ्यांदा त्यांनी बॅट घट्ट धरली, पाय पुढे टाकला आणि कुशाबाला त्यांच्या डोळ्यांत एक गोष्ट दिसली जी त्याने त्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. साहेब घाबरले होते. त्या दिवशी कुशाबाला भाकरी गोड लागली.

तेव्हापासून दोन महिने रोज दिवस कलताना त्यांची तालीम चाले. तालीम कसली, भांडणच ते. जयसिंगराव खेळपट्टीवर पळसाचे पान ठेवत आणि मागे छडी घेऊन उभे राहत.

"पानावर! पानावर टाक! हे काय तुझ्या बापाचं वावर आहे, कुठंही टाकायला?"

"व्हय," कुशाबा म्हणे. "बापाचंच व्हतं."

साहेब बॅट घेऊन समोर उभे राहिले की कुशाबा पानाकडे बघतच नसे. तो नडगी बघे. कधी गादी बांधायला साहेब विसरले, तर चेंडू बरोबर हाडावर बसायचा आणि कुशाबा अगदी गरीब चेहरा करून म्हणायचा, "सुटला हातातनं." पण राग एक आणि हुन्नर एक. दहापैकी तीन चेंडू पानाला शिवायचे ते पाच शिवू लागले, मग आठ. उंच टाकून फलंदाजाला पुढे ओढायचे, मग तोच हात, तोच पीळ, पण चेंडू थोडा आखूड टाकायचा, हे कुशाबा शिकला तो त्या शिव्या खातच. इतका शहाणा शत्रू त्याला दुसरा मिळाला नसता.

त्या दिवशी बूट काखोटीला मारून तो घरी आला. रत्नाबाई चुलीपुढे होती. तिने बूट पाहिले आणि हातातली भाकरी तव्यावर तशीच राहू दिली.

"ह्ये कुनाचं?"

"माजं. सामन्यात घालायचं."

"खळ्यात?"

रत्नाबाईने भाकरी उलटली. ती एका बाजूने करपली होती.

"तुमाला ठावं हाय का, थोरली जाऊ अजून मला ताक का देती ते?" ती म्हणाली. "पानवठ्यावर सगळ्या बाया पाठ फिरवत्यात. सगुनाबाई येकली घागर डोईवर द्यायला हात लावती. म्या इचारलं येकदा, का म्हून. तर म्हनली, तुज्या भावजींनीच सांगितलंय. म्हनले, आंगठा दिला, गुलामी धरली, समदं केलं त्यानं, पन अजून खळ्यात पायताण घालून गेला न्हाई. तेवढा आपला हाय त्यो."

"दादा म्हनला असं?"

"भावजी म्हनले. आता तुमीच ठरवा."

"काय ठरवू?" कुशाबा एकदम उसळला. "जल्मात येक गोष्ट मला चांगली येतीया. येकच! लहानपनापासनं समदं दादाचं. कुस्ती दादाची, भजन दादाचं, तुरुंग बी दादाचा. माज्या हाताकडं कुनी बगितलं कदी? त्या मुडद्यानं बगितलं, ज्यानं आपल्या जमिनी बुडवल्या त्यानं!"

रत्नाबाई म्हणाली, "वरडू नगा. कूड पातळ हाय."

कुडापलीकडे कुणी खोकले नाही की हलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुशाबाने पाय शिकवायला घेतले, पण खळ्यात नाही. धरणाकडे जाणाऱ्या मुरुमाच्या रस्त्यावर, पहाटेच्या धुक्यात. म्हणजे बूटही झाले आणि खळेही राहिले, असा त्याचा हिशेब. भित्र्या माणसाला असले हिशेब फार सुचतात. पहिल्या दिवशी टाचा सोलल्या. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी धरले. जमीन त्याला कळेचना. अनवाणी धावताना आंगठा आधी जमीन चाचपायचा, मग बाकीचे अंग त्याच्या मागून जायचे. बुटात आंगठा आंधळा झाला. चेंडू भलतीकडे जाऊ लागले, एक तर रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसला.

चौथ्या दिवशी जयसिंगराव घोड्यावरून येताना थांबले. बराच वेळ बघत राहिले. कुशाबाला वाटले, आता हसतील.

"आठ पावलं धावतोस कशाला?" ते म्हणाले. "बूट जड आहेत. तीन पावलं घे. वेग तुला नकोच आहे, तुझं सगळं मनगटात आहे."

घोडा पुढे गेला. कुशाबाने तीन पावलांत चेंडू टाकला. तो मुरुमात ठेवलेल्या पानावर पडला आणि वळला. सल्ला खरा होता म्हणून कुशाबाला त्या माणसाचा आणखीच संताप आला.

सातव्या दिवशी त्याच रस्त्यावर गेणबा भेटला. खांद्यावर जळणाचा भारा, पायात जुन्या करकरणाऱ्या वहाणा. तो भाऱ्यासकट वाटेत उभा राहिला आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलला.

"उद्या घालनार का?"

कुशाबाने हातातला चेंडू पाठीमागे धरला. "दादा, खळं ऱ्हायलंय कुटं? मांडव टाकलाय तितं. त्यांचं धा-धा लोक बूट घालून नाचत्यात."

"त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्यातला माणूस जवर पायताण काडून आत जातुया, तवर खळं हाय. धरणात गेलं तरी खळंच." गेणबाने भारा सावरला. "म्या कागदावर आंगठा देत न्हाई ती कशाच्या जिवावर? एवड्याच्याच."

"मला टाकायचंय, दादा. येकदा. लोकांफुडं."

"मग अनवानी टाक."

"टाकू देत न्हाईत."

गेणबाने त्याच्याकडे नीट पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. मग तो भारा घेऊन चालू लागला.

सामन्याच्या दिवशी मांडवात खुर्च्या लागल्या. चहाची किटली फिरत होती, मडमांच्या छत्र्या उघडत-मिटत होत्या. धरणावरच्यांनी एकशे बारा धावा केल्या. दुपारी खंडाळ्याचे खेळायला आले आणि पहिल्या तासातच एका गड्याच्या बदल्यात त्यांनी सत्तर करून टाकल्या. कुशाबा बूट घालून लांब, मोडलेल्या बांधापाशी उभा होता. तिथे पायात काय आहे याला काही अर्थ नव्हता. पलीकडच्या न मोडलेल्या बांधावर वाडीतली दहाबारा माणसे बसली होती. गेणबा सगळ्यांच्या मागे उभा होता.

जयसिंगरावांनी हात वर करून बोलावले. "कुशाबा! ये, टाक."

तो धावत आला आणि एका जागी थबकला. खळ्याची कड कुणाला दिसत नव्हती, काठाचे दगड केव्हाच काढले होते. पण त्याला ती दिसत होती. तो वाकला आणि त्याचा हात बुटाच्या नाडीकडे गेला.

"काढलेस तर तसाच बाहेर जायचं," जयसिंगराव दातांतल्या दातांत म्हणाले. "कंपनीचा कारकून तयार आहे टाकायला."

कारकुनाने हात पुढे केलाही. कुशाबाला तो हात दिसला, गोरा, मऊ, कधी दोर न वळलेला. खोटे कशाला बोला, त्या क्षणी त्याला भाऊ आठवला नाही, बाप आठवला नाही. तो चेंडू दुसऱ्याच्या हातात गेलेला त्याला बघवणार नव्हता. त्याने नाडी आणखी आवळली, चेंडू हिसकून घेतला आणि कड ओलांडली.

पहिला चेंडू वळला. दुसऱ्याने खंडाळ्याच्या कप्तानाची दांडी नेली. मांडवात कुणी "वा!" म्हटले. तिसरा त्याने उंच टाकला, चौथा तसाच उंच पण आखूड, आणि फलंदाज पुढे येऊन मध्येच अडकला. तीन पावले, पीळ, टप्पा. गडी येत होते आणि जात होते. टाचांतून रक्त येऊन बूट आतून चिकट झाले, तरी त्याला त्याचे काही नव्हते. कुशाबाने सात गडी घेतले. खंडाळ्याचा खेळ एकशे तीन धावांवर संपला आणि ढाल धरणावर राहिली.

लोकांनी जयसिंगरावांना खांद्यावर घेतले. कुशाबाला कुणी उचलले नाही, पण मोठ्या साहेबांनी दुरून बोट दाखवून विचारले, तो कोण, आणि ते कुशाबाने पाहिले. आयुष्यात त्याला एवढे सुख झाले नव्हते, आणि तेव्हाच त्याने बांधाकडे पाहिले. बांध मोकळा होता.

मांडव उठला. उन्हे तिरपी झाली. जयसिंगराव खांद्यावरून उतरून आले तेव्हा ढाल त्यांच्या काखेत होती.

"रोलर आत घेऊन ठेव," ते म्हणाले. वळता वळता म्हणाले, "पुढच्या वर्षी सुरुवातीपासून तुलाच देईन."

"फुडल्या वर्साला की त्याच्या फुडल्या, हितं पानी आसंल, साहेब."

जयसिंगराव घोड्याकडे गेले.

कुशाबा रोलरच्या दांडीला हात घालतो, तोच मागे वहाणा करकरल्या. गेणबा घराकडून येत होता. डोक्याला धुवट मुंडासे, खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचे फडके. रोज तो खळ्याला वळसा घालून, मोडलेल्या बांधांवरून जायचा. आज तो सरळ आला. कडेपाशी थांबलाही नाही. वहाणांसकट आत शिरला आणि खेळपट्टीच्या मधोमध चालू लागला.

"दादा!" कुशाबा ओरडला. "दादा, पायात वहाणा हायेत!"

गेणबा थांबला. त्याने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिले, मग कुशाबाच्या.

"व्हय," तो म्हणाला. "हायेत."

"कुटं निघालास?"

"पौडला. सकाळी कचेरी उघडंल तवर पोचतो."

"कचेरीत काय काम?"

"तुजं व्हतं त्येच."

कुशाबा पुढे झाला. नको जाऊ, असे म्हणायचा अधिकार त्याला नव्हता, आणि हे दोघांनाही माहीत होते. तो वाटेतच उभा होता. गेणबा जरा वेळ थांबला, तो बाजूला होईल म्हणून. मग कुशाबा बाजूला झाला. गेणबा खळे ओलांडून पलीकडे उतरला आणि मालेच्या रस्त्याला लागला.