वाक्याचं शेपूट

"येतो उद्या," फेस्टी म्हणाला, आणि तेवढ्यावरच थांबला.

दगडी बांधाच्या पलीकडे बार्टली उभा होता. त्याच्या मेंढ्यांची लोकर कातरायची राहिली होती आणि त्याने फेस्टीला मदतीला बोलावले होते. म्हणजे शेजाऱ्याला जसे बोलवायची रीत असते तसे बोलावले होते. उत्तर मिळाले तरी तो जागचा हलला नाही. चहा हाती द्यावा आणि साखर घालायला विसरावे, म्हणजे पाहुणा ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने तो पाहत राहिला.

"आन्?"

"आन् काय?"

"म्होरलं."

"म्होरलं काय न्हाई. उद्या येतो. संपलं."

"आसं कसं संपंल, गड्या? उद्या येतो, देवाच्या मनात आसंल तर, आसं म्हन की."

"ते म्या आता म्हनत न्हाई, बार्टली. ठावं हाय तुला."

बार्टलीने टोपी मागे सारून कपाळ खाजवले. "मंग तू काय खरंच येनार हाईस का काय?"

"तर?"

"आता आली का पंचाईत," बार्टली म्हणाला. "मला मंग मेंढ्या गोळा कराव्या लागत्याल."

या पंचाइतीचे मर्म कळायचे तर एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्याकरणात भविष्यकाळ कसाही असो, आमच्या क्लूनबॉन गावात त्याला शेपूट असते. नुसते 'येईन' असे शहाणा माणूस म्हणत नाही; 'येईन, देवाच्या मनात असेल तर' असे म्हणतो. ज्याला आपण भक्ती समजतो ती वस्तुतः घराची मागली खिडकी आहे. जो आला तो देवाच्या मनात होते म्हणून आला. जो आला नाही त्याने शब्द मोडला असे होत नाही, देवाच्या मनात नव्हते, एवढेच. आणि देवाकडे जाऊन खरे-खोटे करण्याची सोय कोणालाच नव्हती. या शेपटाच्या आधाराने आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या कोणाचे कोणाशी वैर झाले नाही, आणि कोणाचे कुंपणही वेळेवर दुरुस्त झाले नाही.

फेस्टीची श्रद्धा गेली ती कोणत्या संकटाने गेली असे म्हणावे, तर तसेही नाही. ईस्टरनंतरच्या एका रविवारी तो देवळाच्या मागच्या दारापाशी, पुरुष मंडळी टेकतात तसा, खाली टोपी आणि टोपीवर एक गुडघा टेकून बसला होता. ठणकणारी दाढ एकाएकी थांबावी आणि माणसाने जिभेने चाचपून पाहावे, तसे त्याने मनात चाचपले. तिथे काही नव्हते. घरी येऊन त्याने जेवताना ती गोष्ट बायकोला सांगितली.

"सबिना, माजा देवावरचा इस्वास उडाला."

"कवा?"

"आत्ताच. देवळात मिसेची परार्थना चालू व्हती तवा."

"टोपी आनलीस का परत?"

"आनली."

"मंग खा. बटाटं गार व्हत्यात."

सबिनाची स्वतःची श्रद्धा शाबूत होती आणि ती नवऱ्याच्या श्रद्धेवर कधीच विसंबून नव्हती. तिला भीती होती ती एवढीच की आता हा दारू पिऊ लागेल. फेस्टीला आशा होती ती एवढीच की आता रविवारी झोपायला मिळेल. दोघांचेही अंदाज चुकले. पहिल्याच महिन्यात त्याचा उजवा गुडघा करकरायचा थांबला, ही जमेची बाजू. पण ट्रॅक्टरने मान टाकली. ते जुने धूड इतकी वर्षे येशू, मरिया आणि योसेफ यांची नावे त्याच क्रमाने, आणि तिसऱ्या नावावर लाथ, एवढ्यावरच सुरू होत आले होते. आता फेस्टी त्याच्यापुढे मुका उभा राही. "चल की बाबा," असे त्याने म्हणून पाहिले. ट्रॅक्टरला ते पटले नाही. शेवटी रोज सकाळी सबिना हात पुसत बाहेर येई, तिन्ही नावे घेई, फेस्टी लाथ मारी, आणि यंत्र धडधडू लागे. ट्रॅक्टरपुरती श्रद्धा घरात राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

याहून मोठा बदल झाला तो शब्दाचा. देव नाही म्हणणाऱ्याला शब्द मोडण्याची भीती कसली, असे कोणी विचारील. ते विचारणाऱ्याने या गोष्टीचा विचार केलेला नसतो. पूर्वी फेस्टी गेला नाही तर दोष वरच्याकडे जाई. आता वर टोपीखेरीज कोणी उरले नव्हते. 'येतो' म्हटले की जावेच लागे. त्याला स्वतःलाही हे पसंत नव्हते, पण उपाय सापडत नव्हता.

गावाला मात्र उपयोग सापडला. विधवा ज्युलियाचे फाटक, जे नवरा असतानाही लटकतच होते, ते बसले. कोणाची मोरी मोकळी झाली, कोणाची जळणासाठी कापलेली मातीची ढेपळे दलदलीतून वर आली. ज्यांना काम करून घ्यायचे असे ते फेस्टीकडे येत. ज्यांना नुसते बोलवायचे असे ते इतरांकडे जात.

"गावात एकच नास्तिक," सबिना म्हणाली, "आन् तोबी माज्या घरात, आन् तोबी कंदी घरात न्हाई."

एकदा त्याने त्या शेपटाऐवजी दुसरे शेपूट शोधून पाहिले. बार्टलीला तो म्हणाला, "येतो सोमवारी, पाऊस नसंल तर."

बार्टली बांधावर रेलला. त्याला वाद आवडत असे. वादात मेंढ्या गोळा कराव्या लागत नसत. "पाऊस कोन पाडतो?"

"ढग."

"ढग कोन आनतो?"

"वारा, पच्छिमेचा."

"आन् वाऱ्याला कोन सांगतो?"

"कोन न्हाई सांगत. तो आपला येतो."

"म्हंजी तो तुज्यासारखाच," बार्टली म्हणाला. "सांगितल्याबिगर येनारा. न्हाई फेस्टी, ही लबाडी हाय. म्होरल्या दारानं देवाला घालवायचा आन् मागल्या दारानं भिजवून आत घ्यायचा. सोमवारी ये."

सोमवारी पाऊस होता. फेस्टी गेला.

त्या साली पाऊस नुसता पडत नव्हता, मुक्कामाला आला होता. जुलैभर माळ भिजून फुगला, बुटात माती आणि मातीत बूट अशी गत झाली, आणि उभे गवत आपल्याच ओझ्याने आडवे होऊ लागले. मग रेडिओने उघडीप सांगितली: शुक्रवारपासून रविवार दुपारपर्यंत, पुढे पुन्हा समुद्रावरून पाऊस. फेस्टीने डोंगराखालचे कुरण कापून टाकले. आता ते वळवून, वाळवून, गोळा करून गंज्या बांधायच्या होत्या. ते साधले तर हिवाळा निघणार होता. भिजले तर पांढऱ्या पाठीची गाय बाजारात जाणार होती. आणि ती गाय सबिनाने वासरू असताना चुलीशेजारी ठेवून बाटलीने दूध पाजून जगवली होती.

शनिवारी सकाळी फेस्टी लांब दांड्याचा विळा खांद्यावर टाकून निघाला, तो कुरणाच्या उलट दिशेला.

"कुटं?" सबिनाने विचारले.

"गोरस्थानात. उद्या थडग्यांना आशीर्वाद द्यायचा दिस हाय न्हवं? गवत माजलंय. फादरला म्हनलो व्हतो, शनवारी येतो."

"देवाला न माननारा तू, थडग्यांवरचं गवत कापनार, आन् माज्या गाईचं गवत सडनार."

"म्हनलो व्हतो गं."

"सांगावा धाड. म्हनावं, जमत न्हाई."

फेस्टीने विळ्याच्या धारेवर अंगठा फिरवला. "पन जमतंय," तो दुःखाने म्हणाला.

गोरस्थान डोंगराच्या उतारावर आहे. तिथून खालचे कुरण तळहातासारखे दिसते, आणि फेस्टीला दिवसभर ते पाहावे लागले. फादर लोफ्टस एकटेच बाह्या वर करून क्रूसांभोवतीचे गवत हाताने उपटत होते. विळ्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"तू?"

"शनवारी येतो म्हनलो व्हतो, फादर."

"हो. ते तर सगळेच म्हणाले होते." फादरनी रिकाम्या फाटकाकडे पाहिले. "अर्ध्या गावाला सांगितलं मी. एकजात सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं."

"मंग कसं येत्याल?" फेस्टी म्हणाला.

फादरनी हातातली गवताची मूठ बाजूला टाकली. मग त्यांनी खाली बोट दाखवले. "ते तुझंच पडलंय ना?"

"व्हय."

"आणि उद्या दुपारी पाऊस."

"रेडिओ म्हनतो."

"फेस्टी, तुला एकदाही म्हणावंसं वाटत नाही का, की बाबा, जमलं तर येईन?"

"जमंल का न्हाई ते मलाच ठावं आसतं, फादर. तितंच समदं घोडं अडतंय."

दिवस कलायच्या आधी सारी थडगी मोकळी झाली. विळा खांद्यावर तसाच ठेवून फेस्टी दारोदार गेला. आयुष्यात प्रथमच तो कोणाकडे काही मागत होता, आणि ते त्याला नीट जमले नाही.

"उद्या?" बार्टली म्हणाला. "उद्या रईवार. रईवारी दाताळं हातात घेनं म्हंजी पाप हाय, बाबा."

"माज्यासाटी न्हाई."

"माज्यासाटी हाय न्हवं. आता फादरनंच देवळातल्या येदीवरनं मोकळीक दिली तर गोष्ट येगळी. ओल्या सालात देत्यात कंदीमंदी." बार्टलीने डोळा बारीक केला. "पन देवाला न माननाऱ्याच्या गवतापायी फादर कशाला मोकळीक द्यायला बसल्यात? ती मिळाली आसती, तर म्या पैला आलो आसतो बग. देवाच्या मनात आसतं तर."

घराघरात त्याला हेच वाक्य मिळाले, आणि सगळ्यांनी ते अगदी मनापासून दिले. काहींनी वर चहाही दिला.

"काय म्हनत्यात?" सबिनाने विचारले.

"समदे येत्याल."

सबिना काय समजायचे ते समजली आणि गोठ्यात गेली. पांढऱ्या पाठीच्या गाईशी ती बराच वेळ काहीतरी बोलत होती.

रविवारी ऊन चोख पडले. सारा गाव नवे कपडे घालून डोंगरावर चढला, सबिनाही गेली, आणि फेस्टी दाताळे घेऊन कुरणात उतरला. गवत असे वाळले होते की हात लावताच कुजबुजे. एका माणसाने ओढायचे म्हटले तर कुरणाचा एक कोपरा निघाला असता. तरी तो ओढू लागला. वरून प्रार्थनेचे सूर येत होते. पश्चिमेला, समुद्राच्या कडेवर, बोटाएवढी काळी रेघ उमटली होती.

सूर मध्येच थांबले. फेस्टीने वर पाहिले. त्याने कालच कापलेल्या हिरवळीवर सारा गाव उभा होता, आणि त्या साऱ्या गावाला खाली एका माणसाची पाठ दिसत होती. फादरनी हात वर केला. थडग्यांना आशीर्वाद देत असतील, असे फेस्टीला वाटले. पण हात आकाशाकडे गेला, तिथे जरा थांबला, आणि मग सरळ खाली, कुरणाकडे वळला. गर्दीत खोकल्याची साथ आल्यासारखे झाले.

मग गर्दी उतारावरून खाली येऊ लागली. पुढे सबिना होती. कोट, टोप्या, चकाकते बूट, आणि मागून झग्याचा घोळ वर धरून फादर. हसत कोणीच नव्हते.

"काय झालं?" फेस्टीने विचारले.

"म्या सकाळीच फादरला समदं सांगितलं व्हतं. फादर म्हनालं," सबिना धापा टाकत म्हणाली, "औंदाचं साल ओलं हाय, आज गवत आवरनं पाप न्हाई. आन् म्हनालं, काल फेस्टीला 'देवाच्या मनात आसंल तर येतो' आसं ज्यानी ज्यानी सांगितलं, त्यांच्यासाटी म्या आज मुद्दाम वर बगितलं. ऊन हाय. मला तर देवाच्या मनात दिसतंय. कुनाला येगळं दिसत आसंल तर हात वर करा."

"केला कुनी?"

"बार्टलीचा निम्मा गेला व्हता. त्याच्या बायकूनं खाली वढला."

बार्टली जवळ आला. त्याने नवा कोट काढला, घडी केली, बांधावर ठेवला आणि दाताळ्यासाठी हात पुढे केला. "इतक्या वर्सांत," तो फेस्टीकडे न पाहता म्हणाला, "देवाला येकदाबी कुनी इचारलं न्हवतं."

कुरणात माणूस मावेना. ज्युलिया पोरींच्या उमेदीने गवत ओढत होती, नवे बूट हिरवे होत होते, फादर गंजीवर चढून ती तुडवत होते आणि झग्यातून गवत सांडत होते. काळ्या रेघेच्या बोटाचा हात झाला, हाताची गोधडी झाली. शेवटच्या गंजीवर दोर आवळला गेला तेव्हा पहिला थेंब बार्टलीच्या नाकावर पडला.

"हाय का न्हाई देवाची किरपा?" तो म्हणाला.

फेस्टीजवळ उत्तर होते. खरे तर तीन उत्तरे होती. पण त्याच्या तोंडात गवताचे कुसळ गेले होते, आणि ते थुंकेपर्यंत गोठ्याच्या दारातून पांढऱ्या पाठीची गाय हंबरली, तेव्हा त्याने तो वाद सोडून दिला.

पाऊस वाढला तसे सगळे गोठ्याच्या वळचणीला उभे राहिले. सबिनाने चहाची मोठी किटली आणली. फादरनी दाढीतली काडी काढली आणि सहज विचारावे तसे विचारले, "फेस्टी, देवळाच्या छपराची कौलं निखळलीत. येत्या शनिवारी येशील?"

कप हवेतच थांबले. सारा गाव फेस्टीच्या तोंडाकडे पाहू लागला. त्याचे खांदे दुखत होते, पाठ दुखत होती, आणि थांबलेला तो उजवा गुडघा पुन्हा करकरू लागला होता.

"येईन," फेस्टी म्हणाला. मग त्याची नजर किटली धरून उभ्या असलेल्या बायकोवर गेली, आणि ईस्टरनंतरच्या त्या रविवारसारखी, ठणकणारी दाढ एकाएकी थांबावी तशी कळा त्याच्या चेहऱ्यावर आली. "येईन, फादर. सबिनाच्या मनात आसंल तर."

बार्टली सरसावला. "लबाडी हाय ही. आता हे काय नवीन? ती तरी—"

"हाय," फेस्टी म्हणाला. "ही बग, म्होरंच उभी हाय. इचार."

सगळ्यांनी सबिनाकडे पाहिले. तिने बार्टलीच्या कपात चहा ओतला, फादरच्या ओतला, आपल्या नवऱ्याच्या काठोकाठ भरला.

"न्हाई माज्या मनात," ती म्हणाली. "शनवारी आमचं कुंपन हाय."

फादरनी कप तोंडाला लावला.

"देव बरा," बार्टली चहात पाहत म्हणाला. "निदान तोंडावर तरी न्हाई म्हनत न्हाई."