गळती

मास्तर बेसिनखाली उताणे पडून पाइपवरून बोट फिरवत होते. बोट कोरडंच निघत होतं. त्यांनी नट चाचपला, सांधा चाचपला, भिंतीला कानसुद्धा लावून पाहिला. पाण्याचा एक थेंब कुठे सापडेल तर शपथ.

तेवढ्यात टॉक टॉक असा आवाज जवळ आला आणि प्राचार्यबाईंच्या उंच टाचांच्या सँडल त्यांच्या नाकासमोर येऊन थांबल्या.

"सर, हे काय चाललंय?"

"गळती शोधतोय, बाई. शिपाई म्हणाला, बाईंचा निरोप आहे, तुमच्याकडची गळती ताबडतोब थांबवा. सकाळपासून सगळं कॉलेज पालथं घातलं. एकूण एक नळ ठणठणीत आहे."

सँडल एक पाऊल मागे सरकल्या.

"नळांची नाही हो, सर. मुलांची."

मास्तर घाईने उठायला गेले आणि बेसिनला डोकं आपटलं.

कॉलेज एवढंसं. वरच्या मजल्यावर शिवणाचा वर्ग, मधल्यावर केस कापण्याचा आणि तळघरात प्लंबिंगचा. मास्तरांचा जन्म लोकांच्या मोऱ्या दुरुस्त करण्यात गेला होता आणि उतारवयात गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते शिकवायला आले होते. गळती म्हटलं की त्यांना ओल दिसायची. माणसंही गळतात, त्यांचा हिशेब मांडतात आणि त्यावरून वर्ग चालतो की बंद पडतो, हे त्यांना नवीनच होतं.

"दरवर्षी तुमचा वर्ग भरतो खच्चून," बाई म्हणाल्या, "आणि परीक्षेपर्यंत निम्माही उरत नाही. या वेळी निम्मे तरी परीक्षेला बसले नाहीत, तर संस्था वर्ग बंद करणार. आणि एक जण कमी पडतोय."

"कोण?"

"ते तुम्ही मला सांगायचं, सर."

मास्तरांना सांगता आलं असतं. पण डोक्याचं टेंगूळ चोळत ते तळघराकडे निघाले.

तळघरात मुलं लाकडी फळीवर पाइप जोडत बसली होती. त्यांच्यात एक डावरा होता. चुणचुणीत, पण पाइपच्या आट्यांवर टेप गुंडाळायची वेळ आली की हमखास उलट्या बाजूने गुंडाळायचा. मग नट आवळताना टेप सुटत जायची आणि सांधा ठिबकायचा. दर वेळी तेच.

"जांभईताई कुठे आहे रे?" मास्तरांनी विचारलं.

वर्गातली ती एकटीच बाई. तिचं बाळ जेमतेम रांगायला लागलेलं. पाना हातात घेतला की ती जांभई द्यायची, पाना ठेवला की आणखी एक. तिचं बघून सगळ्या वर्गाला जांभया सुटायच्या. हात मात्र असा बसलेला, की तिने जोडलेल्या सांध्याला मास्तर बोट लावून बघायचेसुद्धा नाहीत.

"येतच नाही की ती," डावरा म्हणाला. "त्या दिवसापासून."

कुठल्या दिवसापासून, हे मास्तरांनी विचारलं नाही. संध्याकाळी ते तिचं घर शोधत गेले.

दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. कडेवर बाळ.

"सून आहे का घरात?"

"आत्ताच दुकानात गेली. तुम्ही कोण?"

"मी कॉलेजातला. म्हटलं, सध्या कॉलेजला..."

"जाते की! रोज सकाळी जाते, दुपारी येते. एक दिवस बुडवत नाही पोरगी." सासूबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्ही कॉलेजातले ना? मग तुम्हाला कसं ठाऊक नाही?"

बाळाने मास्तरांचा चष्मा ओढला, त्यामुळे थोडी सवड मिळाली.

"मी... रजेवर होतो," ते म्हणाले.

"असं म्हणा. आता शिकतेय म्हणून मी याला सांभाळते हो. नाहीतर माझ्या कंबरेत कुठलं आलंय बळ?"

परत येताना मास्तर रस्ता चुकले. घरातून निघते, वर्गात पोचत नाही. टाकीतून सुटलेलं पाणी नळाला येत नसेल, तर मध्ये कुठेतरी वाट फुटलेली असते, एवढं त्यांना कळत होतं. पण इथे खणायचं कुठे? आणि खणणारे आपण कोण? बरं, सासूबाईंना खोटं सांगून आपण तिला सावरलं की आणखी बुडवलं?

दुसऱ्या दिवशी डावरा उशिरा आला, बोटाला पट्टी बांधून.

"कापलं म्हणून दवाखान्यात गेलो होतो, सर. तिथे जांभईताई दिसली, बाकावर."

"आजारी आहे?"

"काय माहीत. डोळे मिटलेले होते."

मास्तर होते तसेच निघाले.

मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर लांबलचक बाकांवर माणसं आपापला नंबर पुकारण्याची वाट बघत बसली होती. अगदी शेवटच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून, पिशवी पोटाशी घट्ट धरून ती बसली होती. पिशवीतून पान्याचा दांडा बाहेर आलेला. तोंड किंचित उघडं. आजारपणाची कुठलीच खूण चेहऱ्यावर नव्हती. मास्तर शेजारी बसले आणि काय करावं ते न सुचून बसूनच राहिले. नंबर पुकारले जात होते, ती हलत नव्हती. मग पलीकडच्या खोलीत कुणाचंतरी तान्हं रडलं, तशी ती ताडकन उभीच राहिली.

"सर! तुम्हाला काय झालं?"

"मला? अगं, तुला काय झालंय?"

ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं.

"काही नाही. झोपते इथे."

"झोपतेस?"

"इथे कुणी विचारत नाही, सर. बागेत विचारतात. इथे सगळ्यांना वाटतं, हिचा नंबर यायचाय."

"आणि घरी?"

"बाळ रात्रभर जागं. हे रात्रपाळी करून सकाळी येतात, खोली एकच, मग दिवसा ते झोपतात. कॉलेजला जाते म्हटलं की सासूबाई बाळ धरतात. झोपायला जाते म्हटलं, तर कोण धरेल?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणून वर्गच सोडलास?"

"तुम्हीच म्हणालात ना, सर. त्या दिवशी पाइप जोडायचं तापलेलं मशीन हातात असताना मला डुलकी लागली, तेव्हा. झोपायचं असेल तर बाहेर जा, म्हणालात. मग गेले."

"अगं, बाहेर म्हणजे तोंडावर पाणी मारून परत यायला!"

"असं होय," ती म्हणाली. जांभई आली, ती तिने हाताआड लपवली. "मला वाटलं, कायमचं."

त्या संध्याकाळी मास्तरांनी चहा पिता पिता बायकोला विचारलं, "आपली पोरं लहान होती, तेव्हा तू झोपायचीस कधी गं?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, विचार केला आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

"का हो? आज एकदम?"

मास्तरांनी कप खाली ठेवला आणि ढिगातला एक टॉवेल घडी घालायला घेतला. चहा निवून गेला.

आठवड्याने प्राचार्यबाई तळघरात उतरल्या तेव्हा वर्ग चालू होता, पण आवाज नव्हता. मुलं पाइप खाली ठेवायची ती फडक्यावर. काही हवं असेल तर खुणा करायची. बाई दारातच थबकल्या. पाइपांच्या मांडणीमागे, पाइपांवर चढवायच्या फोमच्या गुंडाळ्या पसरून त्यावर कुणीतरी आडवं झालं होतं. अंगावर मास्तरांचा कामाचा कोट.

"ही झोपलीय?"

"हो," मास्तर कुजबुजले. "जागी झाली की शिकवतो."

"सर, वर्गात?"

"वर्गातच आहे, बाई. गळलेली नाही."

बाईंनी रागवायला तोंड उघडलं. पण नेमकं कशाबद्दल रागवायचं, ते त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात फळीवर टप् झालं. थांबून पुन्हा टप्. दोन मुलं पाने घेऊन नट आवळायला लागली. टप् टप् वाढलं.

मांडणीमागून आवाज आला, झोपेने जडावलेला.

"आवळू नका रे. डावऱ्याने टेप उलटी गुंडाळलीय."

सगळे वळले. ती डोळे मिटूनच होती. कूस बदलली, कोट कानावर ओढला आणि पुन्हा गाढ.

मुलांनी पाणी बंद करून सांधा उघडला. डावऱ्याने मान खाली घातली. टेप सोडवली आणि जीभ दातांत धरून दुसऱ्या बाजूने गुंडाळली. मग पाणी सोडलं. सगळ्यांनी कान दिले.

काही नाही.

"परीक्षेला बसेल ना ती?" बाईंनी विचारलं. आता त्याही कुजबुजत होत्या.

"उठली की विचारतो."

मास्तर सांध्यावरून बोट फिरवून वळले, तर दारात कुणी नव्हतं. आता जिन्यावर टॉक टॉक सुरू होईल आणि ही दचकून उठेल, म्हणून ते थांबून राहिले. आवाज येईना, तसे त्यांनी बाहेर डोकावून पाहिलं.

सँडल हातात धरून प्राचार्यबाई अनवाणी जिना चढत होत्या.