कुडपणचा विंचू

"कुठल्या पायाला?" मैना सिस्टरने विचारलं.

"राइट," हर्षद म्हणाला.

"डाव्या," तुळजाबाई म्हणाली. "मघाशी तूच म्हनालास ना रे, डाव्या?"

खाटेवरच्या शुभमने कुठलाच पाय धरला नव्हता. छताकडे बघत तो दात करकरा खात होता.

सकाळचे दहा वाजले होते. मुंबईची सहा-सात मित्रमंडळी कुडपणच्या पठारावर तंबू ठोकून निसर्गाचा आस्वाद घ्यायला आली होती. निसर्ग कमी पडू नये म्हणून त्यांनी येताना स्पीकर आणले होते. शुभम तिथलाच, म्हणून यजमान. पहाटेपर्यंत नाचला आणि उजाडता उजाडता कोसळला. त्यांच्यातल्या हर्षदने शुभमच्या आईला सांगितलं, विंचू चावला. हर्षदने जन्मात विंचू पाहिला नव्हता, पण खोटं मात्र त्याने अगदी स्थानिक निवडलं होतं. तुळजाबाईचा लगेच विश्वास बसला.

मैना सिस्टर मूळची नाते गावची. पोलादपूरच्या या दवाखान्यात विंचवाचे पेशंट वाचवत तिला सत्तावीस वर्षं झाली होती. विंचवांनी संघटना काढली असती, तर निषेधाचा पहिला ठराव तिच्याच नावाने झाला असता. नव्या डॉक्टर दिशा मॅडमनी विंचवाची गोळी पाकिटातून काढली, तेव्हा ती म्हणाली, "म्याडम, जरा दम धरा. विंचवाचा माणूस हातापायाला गार पडतो. ह्यो तव्यासारखा तापलाय."

ताप एकशे सहा. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या फाकलेल्या की डोळे नुसते काळे. मॅडमनी गोळी परत ठेवली. वाद घातला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

सिस्टरने तुळजाबाईला चादरी भिजवायला नळावर पाठवलं आणि हर्षदला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन दार लावलं.

"काय घेतलं त्याने?"

"आंटी, विंचू—"

"विंचू खाल्ला?"

हर्षद स्टुलावर बसला. "पार्टीची गोळी असते. एक घेतली. काही होईना म्हणून अजून एक. मग अर्धी. सगळे घेतात, आंटी. सेफ असते."

"कोण म्हणालं?"

"ज्याने दिली तो."

"बरोबर. त्यालाच विचारायचं."

"पेपरवर विंचूच लिहा ना, प्लीज. त्याचा जॉब जाईल. माझा पण."

"लिहिते की. मग पुढचा डॉक्टर विंचवाचं औषध देईल, बीपी खाली जाईल आणि नोकरी शाबूत राहील. हजेरीला तेवढा तो नसेल."

हर्षदने मग सगळं सांगितलं. किती, कधी, कशाबरोबर. सिस्टरने ते केसपेपरवर ठळक अक्षरात लिहिलं.

बर्फ दवाखान्यात नव्हता. तो मासळीबाजारात बांगड्यांच्या पेटीत होता. मासळीवालीने कारण न विचारता पेटी उपडी केली. काखेत बर्फ, जांघेत बर्फ, अंगावर ओली चादर, वर पंखा. मॅडमनी शांत करायचं इंजेक्शन दिलं. लघवी आली ती कोऱ्या चहासारखी. मॅडम हळूच म्हणाल्या, "स्नायू वितळायला लागलेत. ते सगळं किडनीत जाऊन बसणार." डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या इस्पितळात फोन लावला. ताप एकशे दोनवर आल्यावर अँब्युलन्स निघाली. केसपेपर सिस्टरने हर्षदच्या हातात दिला. "पेशंटच्या आधी हा आत गेला पाहिजे."

अँब्युलन्समध्ये चढता चढता तुळजाबाईने विचारलं, "लय मोठा इंचू असल, नाय गो?"

"जहर मोठं हाय," सिस्टर म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

दीड महिन्याने मायलेक दोघं आली. शुभम तीन आठवडे मशीनवर रक्त धुऊन घेऊन परतला होता. कुडपणच्या चढणीवर वाढलेला हा गडी दवाखान्याच्या चार पायऱ्या कठडा धरून चढला आणि पहिल्याच बाकावर बसला.

तुळजाबाईने पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत मेलेला लाल विंचू.

"ह्योच तो. पठारावरचा धोंडा न् धोंडा उलथला, तवा घावला. तुला दाखवायला आनला."

सिस्टरने बरणी उजेडात धरली. "ह्योच का रे, शुभम?"

शुभम बरणीकडे बघत नव्हता. तो आईच्या हातांकडे बघत होता. दोन नखं काळीनिळी पडली होती, एक मुळापासून गेलं होतं.

"आये," तो म्हणाला, "चल, जरा भायेर बसू. तुला सांगायचंय."

खिडकीतून सिस्टरला दोघांच्या पाठी दिसत होत्या. एक पाठ बोलत होती. दुसरी ऐकत होती.

मग तुळजाबाई एकटीच आत आली. डोळे कोरडे होते. तिने पदर सारखा केला आणि बरणीकडे बघितलं.

"फुकट मारला गो त्याला," ती म्हणाली. "बरनी तेवढी मोकळी करून दे. लोनच्याची हाय."