पुसल्याची खात्री

नवरा प्रोग्रॅम लिहायचा आणि बायको त्यातल्या चुका काढायची. घरोघरी हेच चालतं; या दोघांना त्याचा पगार मिळायचा, एवढाच फरक.

कंपनी लोकांचे पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवत होती. पासवर्ड वापरून झाला की मेमरीतल्या त्या जागेत शून्यं भरून तो पुसून टाकायचा, हे नवऱ्याचं काम.

"पुसला जातो," तो म्हणाला.

"बघते," ती म्हणाली.

तिचा विश्वास कशावरच नसे. अपवाद एकच. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, त्या दिवशी ती याच सॉफ्टवेअरपायी ऑफिसात अडकली होती. 'एवढं संपवून निघते' म्हणता म्हणता पोचली, तेव्हा सगळं आटोपलं होतं. "झालं ते झालं. मी कधीच विसरलो," असं नवरा नंतर म्हणाला होता. ते तिने तपासलं नव्हतं. तपासायची भीती वाटत होती.

"तुझ्या मशीनवर लॉगिन कर."

चाचणीला खोटा पासवर्ड घ्यायचा असतो. पण गड्याचा स्वतःच्या कामावर एवढा भरवसा, की त्याने रोजचाच टाकला आणि चहा आणायला गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने मेमरीची नक्कल काढून उघडली. शून्यं हवी होती तिथे अक्षरं होती: सूनबाईआलीका.

सासूबाई शेवटपर्यंत हेच विचारत होत्या, हे तिला नणंदेने सांगितलं होतं. नवरा तेच रोज सकाळी टाइप करतो, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

तो दोन कप घेऊन आला. पडद्याकडे बघत बसून राहिला.

"पुसायची ओळ मी लिहिली होती गं," तो म्हणाला. "मशीनच्या भाषेत उतरवताना कंपायलरने गाळली. त्याला वाटलं, ही जागा पुन्हा कोणी वाचणारच नाही, मग पुसायची कशाला?"

"तुलाही तसंच वाटलं."

कंपायलरला गाळता येणार नाही अशी आज्ञा त्याने लिहिली. तिने पुन्हा तपासलं. सगळी शून्यं.

"गेलं?"

"इथून गेलं." मग तिने विचारलं, "आईंनी विचारलं, तेव्हा तू काय सांगितलंस?"

"जिन्यात आहे म्हटलं. चपला काढतेय."

तिने अहवालात 'दोष दूर झाला' असं लिहिलं आणि सगळ्या ऑफिसदेखत रडली.