सिंहांच्या आंघोळीचा पास

मी पहिल्यांदा बोटीवर चढलो तेव्हा सेकंड इंजिनीअरनं माझ्या हातात बादली दिली आणि म्हणाला, जा, बॉयलरवरनं वाफ भरून आण. मी गेलो. वाफ धरली, उडून जाऊ नये म्हणून वर फडकं टाकलं, धावत आलो आणि उशीर झाला म्हणून सॉरीपण म्हणालो. अख्खी इंजिनरूम पोट धरून हसत होती. ही साहेबांच्या जहाजांवरची जुनी खोड. साहेब गेले, खोड आमच्याकडे राहिली. पुढची अठ्ठावीस वर्षं मी प्रत्येक नव्या इंजिनीअरला तीच बादली दिली.

आता मी जमिनीवर असतो, सिंगापुरात. हार्बरफ्रंटला ऑफिस, बिशानला फ्लॅट, वय चोपन्न. खोड गेलेली नाही.

समोरच्या काँडोत, म्हणजे पूल-सिक्युरिटीवाल्या खाजगी सोसायटीत, प्रबोध राहतो. पुण्याचा, पाया लेबारला एका आयटी कंपनीत मॅनेजर. सरळ इतका, की रस्ता पूर्ण रिकामा असला तरी सिग्नलवर हिरवा माणूस दिसेपर्यंत पाय उचलत नाही. त्याला एकच नाद, इंग्लंडच्या इतिहासातल्या चमत्कारिक, कुणाला माहीत नसलेल्या गोष्टी. गेल्या वर्षी त्यानं इथल्या मराठी मंडळात त्यावर भाषण ठेवलं. लोक आले होते वीस-बावीस. त्यानं सांगायला घेतलं, की लंडनमध्ये एक बाई वेळ विकायची. ग्रिनिचला जायची, खिशातलं घड्याळ तिथल्या घड्याळाशी लावून घ्यायची आणि मग दुकानादुकानात जाऊन बरोबर वेळ दाखवायची. घड्याळाचं नाव अरनॉल्ड. आणि हा धंदा चालला थेट एकोणीसशे चाळीसपर्यंत.

मी मागच्या रांगेतून ओरडलो, "थाप!"

हॉल फुटला हसून. प्रबोधनं चष्मा पुसला, पुढच्या चार स्लाइड भराभर सरकवल्या आणि लॅपटॉप मिटला. तेव्हापासून मंडळात कुणी काहीही अवघड सांगितलं की पोरं इथल्या बोलीत म्हणतात, "प्रबोध काका थाप, लाह." मीही हसायचो. खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये स्मितावहिनींनी मला हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, गाठलं. प्रबोधची बायको. मी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसलो होतो, त्या समोर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"भावजी, आम्ही पुण्याला परत चाललोय. ह्यांच्या टीमचं काम दुसरीकडे हलवलंय. इथला वर्क पास एप्रिलच्या मध्यात संपतो."

"अरे! मला बोलला नाही तो."

"तुम्हाला कशाला बोलतील?" वहिनींनी माझी कोपी बाजूला सरकवली. "जायच्या आधी त्यांना एकदा भाषण पूर्ण करायचंय. काँडोची फंक्शन रूम घेतलीय, शनिवारी चार वाजता. साठ खुर्च्या. कुठली खुर्ची कुठे ते कागदावर काढून ठेवलंय. नावं किती आलीत सांगू? पाच. त्यात मी एक आणि आमची ऋता एक."

"येतील हो लोक, शेवटच्या दिवशी..."

"नाही येणार. लोकांना वाटतं हे थापा मारतात. आणि ह्यांनाही माहितीये लोकांना काय वाटतं ते. चौदा वर्षं राहिला माणूस इथे, आणि हे असं घेऊन जायचं?" त्या उठल्या. "तुम्ही रिकामा केलात हॉल, तुम्हीच भरा. आणि ह्यांना कळता कामा नये. कळलं तर भाषणच रद्द करतील."

कोपी गार झाली. मी तशीच प्यायलो.

वहिनींनी फोनवर भाषणाचे मुद्दे पाठवले होते. तिसरा मुद्दा वाचला आणि मी टेबलावर थाप मारली, बाजूचा चायनीज अंकल दचकला. मुद्दा असा, की लंडनच्या टॉवरच्या किल्ल्यात सिंहांना आंघोळ घालतात, चला बघायला, असं सांगून लोकांना एक एप्रिलला तिथे पाठवायची जुनी पद्धत होती. सोळाशे अठ्ठ्याण्णवच्या पेपरात बातमी आहे. पुढे दीडशे-एक वर्षांनी तर कुणीतरी छापील पासच वाटले. एका पासावर दोघांना प्रवेश, आत जायचं फक्त पांढऱ्या गेटनं, नोकरांना बक्षिसी देऊ नये. लोक गेले, पांढरं गेट शोधत फिरले. गेट नव्हतंच. सिंहही नव्हते, ते आधीच वीस वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालयात हलवलेले.

आणि प्रबोधचा शनिवार कुठला? एक एप्रिल. त्यानं मुद्दाम निवडलेला, सज्जन माणसाला जेवढी चेष्टा जमते तेवढी.

मी ऑफिसात बसून पास बनवला. वर सिंहाचं चित्र, खाली मजकूर. "सिंहांच्या आंघोळीचा वार्षिक सोहळा. शनिवार, दुपारी चार. एका पासावर दोघांना प्रवेश. प्रवेश फक्त पांढऱ्या गेटनं. कर्मचाऱ्यांना बक्षिसी देऊ नये. सिंहांना खाऊ देऊ नये. लहान मुलांना पुढे बसवावं. पास मर्यादित असल्यानं कृपया कोणालाही फॉरवर्ड करू नये." खाली काँडोचा पत्ता. तारीख घातली नाही. नियम मात्र सढळ हातानं घातले. सिंगापुरात राहणाऱ्या आपल्या माणसाला चार नियम वाचायला मिळाले की त्याची खात्रीच पटते. नियम आहेत म्हणजे परमिट आहे, परमिट आहे म्हणजे सिंह आहेत.

माझ्या नावानं पाठवला असता तर कुत्रं आलं नसतं. म्हणून वहिनींच्या फोनवरून एकच पास पाठवला, सुचित्राताईंना. सुचित्राताई मंडळाच्या सेक्रेटरी. स्वभाव अतिशय चांगला. कुणाला सांगू नका म्हटलेली कुठलीही गोष्ट त्या जेवायच्या आत सगळ्यांना सांगतात.

अर्ध्या तासात तो पास माझ्याच फोनवर तीन वेगवेगळ्या लोकांकडून परत आला. मग मंडळाच्या ग्रुपवर प्रश्न सुरू झाले. पार्किंग आहे का? आजी-आजोबांना वेगळा पास लागेल का? कार्यक्रमानंतर खाणं आहे का, आणि असल्यास शाकाहारी आहे ना? एकानं विचारलं, सिंहांना कुठला शॅम्पू लावतात, आमच्या मोतीला अॅलर्जी आहे. सुचित्राताईंचे यजमान दिलीप, ते मोठ्या बँकेत रिस्क बघतात, त्यांनी लिहिलं, "हल्ली आणतात असे प्राणी, मुलांना शिकवायला. पूर्ण सेफ असतं."

कुणीही, अगदी कुणीही, विचारलं नाही की बिशानच्या काँडोत सिंह येतील कुठून.

शनिवारी सव्वातीनला मी पोचलो. फंक्शन रूमच्या दाराला वहिनींची पांढरी चादर लावली, हे पांढरं गेट. वहिनींनी प्रबोधला मागच्या पँट्रीत चहाच्या निमित्तानं अडकवून ठेवलं होतं. साडेतीनला मी आत डोकावलो तर साठच्या साठ खुर्च्यांवर टिश्यूची पाकिटं. हॉकर सेंटरला टेबल अडवायची इथली रीत, आपल्या लोकांनी सिंहांसाठी वापरली होती. पुढच्या रांगेत पोरं, दोघांच्या हातात पाण्याच्या बंदुका. एका बाईंनी टॉवेल आणला होता. मोतीचा मालक शॅम्पूची बाटली घेऊन आला होता, खास नमुना म्हणून.

चारला प्रबोध लॅपटॉप घेऊन बाहेर आला आणि थांबला. चष्मा काढला, पुसला, घातला. भिंतीला टेकून लोक उभे होते. त्यानं वहिनींकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा... जाऊ दे. अठ्ठावीस वर्षांच्या सगळ्या बादल्या त्या चेहऱ्यापुढे फिक्या.

"नमस्कार," तो म्हणाला. "आपण एवढ्या संख्येनं..."

"अंकल," पुढून सुचित्राताईंची तन्वी म्हणाली, नऊ वर्षांची, "लायन कुठेय?"

"कुठला लायन, बाळ?"

"बाथवाला लायन. आय हॅव पास, लाह." आणि तिनं प्रिंट काढलेला पास त्याच्या हातात दिला.

प्रबोधनं तो वाचला. ओळन् ओळ त्याला पाठ होती. मग सावकाश मान वर केली आणि साठ खुर्च्यांच्या पलीकडे, बरोबर माझ्याकडे बघितलं.

इथे मला पहिल्यांदा घाम फुटला. कारण मुद्दा चौथा मी वाचला होता. सतराशे एकोणपन्नास साली लंडनच्या थिएटरात एक माणूस दारूच्या बाटलीत शिरून दाखवणार अशी जाहिरात झाली, गर्दी जमली, माणूस आलाच नाही. लोकांनी थिएटरातली बाकं मोडून रस्त्यावर पेटवली. आणि इथे दिलीप उठून उभे राहिले होते.

"म्हणजे सिंह नाहीत? प्रबोध, हे काय? आम्ही एवढ्या लांब जुरॉंगहून आलोय!"

"थाप आहे, थाप!" मागून कुणीतरी. खुर्च्या सरकायला लागल्या.

मी पुढे झालो. "थांबा, थांबा. ह्यात प्रबोधचा काही..."

"निशिकांत," प्रबोध म्हणाला. एकदम शांत. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "बरं झालं आलास. सगळी तयारी आहे, फक्त सिंहांची बादली राहिलीय. खाली सिक्युरिटीकडे असेल, घेऊन ये."

"बादली?"

"लाल. निळी आणू नकोस, निळीला ते बुजतात. पाणी अर्धंच भर आणि वर फडकं टाकून आण. दिलीपराव, बसा हो, दोन मिनिटं. हा आला की सुरू करू."

मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, वेळ मारून न्यायला लागला. मी बादली आणीन, मुलांसमोर काहीतरी नाटक करू, निभावून नेऊ. मी धावत सुटलो.

सिक्युरिटीचा अंकल आधीच वैतागलेला. "सगळे व्हाइट गेट विचारतात, लायन विचारतात, आता तुला बकेट? पूलवर विचार, लाह." पूलवर निळी बादली होती. मी ती नाकारली. खरंच नाकारली, ह्या तोंडानं सांगितलं, "नो नो, ब्लू नो गुड, लायन स्केअर्ड." पूलवाला माझ्याकडे बघतच राहिला, मग सी ब्लॉकच्या सफाईच्या खोलीकडे बोट केलं. तिथे लाल मिळाली. सिक्युरिटीच्या अंकलनं पाठीमागून बजावलं, बकेट परत आण. मी पाणी अर्धं भरलं, फडकं मागून घेतलं, नीट चारी बाजूंनी टाकलं आणि लिफ्टमध्ये शिरलो.

लिफ्टला आरसा होता.

आरशात चोपन्न वर्षांचा माणूस, धापा टाकतोय, हातात बादली, बादलीवर फडकं. ही गोष्ट प्रबोधला मीच सांगितली होती. मीच, फुशारकीनं, त्याच्याच घरी, त्याच्याच चहावर.

दार उघडलं. खाली जाऊन सरळ घर गाठायचं, हेही सुचलं. पण फंक्शन रूममधून आवाज येत नव्हता. साठ खुर्च्या आणि उभी माणसं, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मग मी चादर बाजूला केली.

पडद्यावर जुना पास झळकत होता, शेजारी माझा पास. सगळा हॉल वळून दाराकडे बघत होता. नंतर वहिनींनी सांगितलं, मी गेल्या गेल्या प्रबोधनं घड्याळ लावलं आणि म्हणाला, "आत्ता बाहेर गेलेला माणूस परत येईपर्यंत मी तुम्हाला सव्वातीनशे वर्षांपूर्वीची एक चेष्टा सांगतो. तो बादली घेऊन आला तर समजा ती अजून चालू आहे."

मी उंबऱ्यात उभा, हातात लाल बादली.

"अकरा मिनिटं," प्रबोध म्हणाला.

"थाप!" तन्वी किंचाळली, आणि मग सगळा हॉल. दिलीपराव खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका पोरानं पाण्याची बंदूक माझ्यावरच रिकामी केली, तेवढीच काय ती सिंहाची आंघोळ.

हशा ओसरल्यावर प्रबोधनं हात वर केला.

"निशिकांत, बादली खाली ठेवू नकोस. एक प्रश्न. लंडनमध्ये वेळ विकणारी बाई. खरी की थाप?"

"खरी," मी म्हणालो.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

"खरी!" मी ओरडलो. "घड्याळाचं नाव अरनॉल्ड!"

त्यानं मान हलवली, चष्मा नीट केला आणि पहिल्या स्लाइडपासून सुरुवात केली. दीड तास बोलला. कुणी उठलं नाही. उलट शेवटी मोतीच्या मालकानं विचारलं, बाटलीवाल्या माणसाचं पुढे काय झालं, तर प्रबोध म्हणाला, तो कुणालाच सापडला नाही, आणि लोकांनी अजून दोन गोष्टी मागून घेतल्या. मी सगळा वेळ बादली धरून भिंतीशी उभा. ठेवायची परवानगी मिळालीच नाही.

पंधरा दिवसांनी पॅकर्स आले. मी मदतीला गेलो होतो. शेवटच्या खोक्यात, पुस्तकांच्या वर, लाल बादली. फडक्यासकट.

"अरे, ही काँडोची आहे," मी म्हणालो.

"माहितीये," प्रबोध म्हणाला आणि खोक्यावर टेप लावला. प्रबोध. जो रिकाम्या रस्त्यावर हिरव्या माणसाची वाट बघतो.

बादली आता पुण्यात आहे. इथे सिक्युरिटीचा अंकल मी दिसलो की गाठतो, "हे, लायन मॅन, माय बकेट?" मी त्याला सांगतो, पांढऱ्या गेटशी ठेवलीय, जाऊन बघ.

परवा गेला होता बघायला.