कारण क्रमांक सहा

“म्या असं कधी म्हटलं, ते सांगा मले.”

इंदुताई गावंडे यांनी मोबाइल टेबलावर ठेवून श्रीकृष्णरावांकडे सरकवला. बाभुळगावच्या एसटीतून उतरून त्या थेट इथे आल्या होत्या आणि दोन जिन्यांचा दम अजून ओसरला नव्हता. मोबाइलवर संदेश होता : ‘आपल्याला रस नसल्याचे आपण कळवल्यामुळे आपला अर्ज बंद करण्यात आला आहे. धन्यवाद.’

श्रीकृष्ण खानझोडे यांनी तो दोनदा वाचला. अर्ज बंद होतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर माणसाला असा संदेश जातो, हे मात्र आजच कळत होतं.

प्रतिष्ठानच्या यवतमाळ कार्यालयात श्रीकृष्णरावांना सव्वीस वर्षं झाली होती. डिग्री नाही, पण वावरात, जंगलात, घरात बसून ज्यांनी वर्षानुवर्षं काही तपासून पाहिलंय, अशा माणसांना प्रतिष्ठान एका वर्षाची अभ्यासवृत्ती देतं. पूर्वी अर्ज कागदावर असायचा. दोन वर्षांपूर्वी तो वेबसाइटवर गेला आणि तेव्हापासून शंभर माणसं सुरुवात करत, त्यातली अकरा शेवटपर्यंत पोचत. बाकीची मधेच कुठेतरी सोडून देत. पुण्याच्या मुख्य कार्यालयाला या गळतीची फार काळजी लागली. दर सोमवारी त्यावर मीटिंग व्हायची, रंगीत आलेख दाखवले जायचे आणि शेवटी काम यायचं ते श्रीकृष्णरावांच्या गळ्यात. एकेकाला फोन करायचा, अर्ज का सोडला ते विचारायचं आणि सहा कारणांपैकी एक निवडायचं. रेंज नाही, कागदपत्रं नाहीत, वेळ नाही, भाषा अडली, चुकून सुरू केला आणि सहावं, रस नाही.

दिवसाला साठ फोन. दुपारपर्यंत कान तापायचा आणि विचारायचा स्वर आपोआप कोरडा व्हायचा. त्यात आपल्याकडची माणसं धड कारण सांगतील तर शपथ. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणतात, ‘राहू द्या, साहेब.’ हे ‘राहू द्या’ कुठल्या रकान्यात बसवायचं? श्रीकृष्णरावांनी ते सहाव्यात बसवलं. सहा निवडलं की नाव फोनच्या यादीतून जायचं, पुन्हा फोन करावा लागायचा नाही आणि खरं सांगायचं तर त्यांना तेच बरं वाटायचं.

“ताई, बसा आधी,” ते म्हणाले. “पाणी घ्या.”

“पानी घेतो. पन आधी हे सांगा. तुमी फोन केलता तवा मी वावरात होती. तुमी इचारलं, फारम काहून सोडला? म्या म्हटलं, राहू द्या. राहू द्या म्हंजे रस नाही का? नऊ वर्सं झाले, रोज सकाळी सापळ्यातले बोंडअळीचे पाखरं मोजून राह्यली मी. रस नसता तं कायले मोजले असते?”

 श्रीकृष्णरावांना लाज वाटली, आणि ती लपवायला समोर चाळण्यासारखे कागदही नव्हते.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “आता खरं सांगा. काहून सोडला होता?”

“पहिल्याच पानावर इचारते, आपण कोण? खाली चार नावं. प्राध्यापक, विद्यार्थी, उद्योजक, संस्था प्रतिनिधी. नातीनं, समीक्षानं, चारही वाचून दाखोले. मी त्यातली एकही नाही. चार डाव उघडलं, चारही डाव तेच. मंग वाटलं, हे आपल्यासाठी नाही.”

श्रीकृष्णरावांनी सगळ्या अर्जांची मूळ यादी उघडली. कोणी कितव्या पानावर अर्ज सोडला, याचा एक रकाना तिच्यात उजव्या टोकाला होता. तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. वरपासून खालपर्यंत एक, एक, एक. अधूनमधून एखादा चार.

त्यांनी पुण्याला शाल्मली मॅडमना फोन लावला. वेबसाइटचं काम त्यांच्याकडे होतं. स्वभावाने गोड, पण कायम दुसऱ्या मीटिंगच्या दारात उभ्या असलेल्या.

“काका, पहिलं पान आपण सुधारलंय ना?” त्या म्हणाल्या. “स्वागताचा व्हिडिओ टाकला, किती अर्ज झाला हे दाखवणारी हिरवी पट्टी टाकली.”

“पट्टी छान आहे, मॅडम. पण ती हलायच्या आधीच माणूस अडून राहिला. कोण आहात ते शेवटी विचारा. आधी काय पाहिलंत ते विचारा. कागदाच्या वेळी मी तसंच करायचो. आधी वही पाहायची, मग नाव.”

पलीकडे कीबोर्ड खडखडला. बहुधा त्या लिहून घेत होत्या.

“मुद्दा बरोबर आहे, काका. पुढच्या वर्षीच्या बदलांत घेते. यंदा आता काही हलवता येणार नाही, आज पाचला मुदत संपते. आणि बंद झालेला अर्ज उघडत नाही. वेगळ्या नंबरवरून नवा भरता येईल.”

साडेतीन वाजले होते. श्रीकृष्णरावांनी नवा अर्ज उघडून स्वतःचा मोबाइल नंबर टाकला आणि मग खूप दिवसांनी म्हणाले, “वही दाखवा.”

पिशवीतून सात वह्या निघाल्या, समीक्षाच्या जुन्या शाळेच्या. पुढून पाढे आणि निबंध, मागून इंदुताई. तारीख, वारा, मादीच्या गंधाने नराला ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग आणि प्रत्येक सापळा चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, गंजीपासून किती पावलांवर. गंजीजवळचा सापळा दरवर्षी दोन आठवडे आधी भरत होता. अळी गंजीतच दडून राहते, हे गावाला सांगून सांगून त्या थकल्या होत्या.

पहिल्या पानावर गाडी पुन्हा अडली.

“उद्योजक टाकू?”

“खोटं नाही लेहायचं.”

“मग हे काम तुम्ही करता कुठं?”

“वावरात. अजून कुठं?”

श्रीकृष्णरावांनी ‘संस्था प्रतिनिधी’ निवडलं. संस्थेचे नाव : गावंडे यांचे वावर, तालुका बाभुळगाव. पद : रोज सकाळी मोजणारी. संस्थेची स्थापना कधी झाली, असंही यंत्राने विचारलं. इंदुताईंनी जरा आठवून सासऱ्यांनी वावर घेतलं ते साल सांगितलं. यंत्राने काही हरकत घेतली नाही. वह्यांच्या पानांचे फोटो काढून चढवण्यात तासभर गेला, दोनदा वेबसाइट लटकली आणि पावणेपाचला पोच क्रमांक आला. इंदुताईंनी तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला.

“निवड होईन का जी?”

“ते माझ्या हातात नाही, ताई.”

“नाही झाली तं नाही. पन मले रस नाही, असं कुठंच लेहू नका.” त्यांनी वह्या पिशवीत भरल्या आणि कठडा धरत जिना उतरल्या.

श्रीकृष्णराव थकले होते. पाठ दुखत होती, चहा प्यायचा राहून गेला होता. त्यांनी मूळ यादीतली सहा नंबरची नावं वेगळी काढली. तीनशे सोळा. सगळी त्यांच्याच बोटाने लिहिलेली. पाचाला दहा मिनिटं होती आणि एवढ्यात एक अर्जही होण्यासारखा नव्हता. तरी त्यांनी वरचं पहिलं नाव घेतलं. धावजी राठोड, दिग्रसजवळचा एक तांडा. दोन वेळा फोन वाजून बंद झाला, तिसऱ्या वेळी उचलला गेला.

“धावजीभाऊ, तुम्ही अर्ज सोडला होता. काय पाहिलं होतं तुम्ही?”

“राहू द्या, साहेब.”

श्रीकृष्णरावांनी फोन ठेवला नाही. समोर कॉम्प्युटरवर पान करडं झालं : ‘यंदाची मुदत संपली आहे.’

“अर्ज आता बंद झाला. माझ्या चुकीनं झाला. पण काय पाहिलं ते तेवढं सांगा.”

पलीकडे शेळ्या ओरडल्या, त्यांना हाकलल्याचा आवाज आला.

“तांड्याच्या इहिरीचं पानी,” धावजी म्हणाला. “दर होळीले दोरी सोडतो. पानी जिथं लागलं तिथं गाठ, गाठीत त्या वर्साची चिंधी. सोळा वर्सं केलं. मंग तुमचा मेसेज आला, रस नाही म्हनून. वाटलं, मोठ्या लोकायनंच लेहून देल्लं तं आपन कायले ठेवा. दोरी चांगली होती. बैलाच्या दाव्याले घेतली.”

“गाठी सोडल्या?”

“सोडाच लागते. निम्म्या सोडल्या.”

श्रीकृष्णरावांनी खालचा खण उघडला. कागदी अर्जांचा जुना गठ्ठा अजून तिथेच होता. त्यांनी एक कोरा अर्ज काढला, नावाची जागा शेवटासाठी सोडून दिली आणि पेनाचं टोपण काढलं.

“उरल्या तेवढ्या सांगा,” ते म्हणाले.