मला डमी म्हणत

भांडुपच्या एका गॅरेजमागे, रुईच्या झुडपात, जो जाड लोखंडी दांडा आडवा पडलेला दिसतो ना, तो मी. मित्रांनो, मी एक जुना एक्सल आहे. एक्सल म्हणजे ट्रकच्या पोटाखालचा आस. माझ्या दोन्ही टोकांना जोडीजोडीने चाकं होती, आणि त्या चाकांवरून उपनगरांतल्या कितीतरी इमारतींच्या पायाचे दगड गेले आहेत. आज टोकं उघडी पडली आहेत आणि त्यांत मुंग्यांनी घर केलं आहे. असो. मुंग्यांचंही ओझंच, आणि ओझ्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

माझा जन्म आगीतला. तापून लाल झालो, घणाचे घाव खाल्ले, मग थंड झालो तेव्हा सरळ उभं राहण्याची ताकद अंगात आली. त्या काळी, म्हणजे ऐंशीनंतरच्या वर्षांत, बोरिवली-अंधेरीकडे इमारती भराभर उठत होत्या आणि ट्रकांना पूर्वीपेक्षा जास्त दगड, जास्त खडी वाहावी लागत होती. ट्रकला पुढे एक एक्सल असतो आणि मागे एक. मागच्याला इंजिन फिरवतं, म्हणून गाडी चालते. भार वाढला तसा त्याच्या मागे आणखी एक एक्सल बसवायला लागले. तो मी. मला इंजिन फिरवत नसे. मी आपला गाडीबरोबर गडगडत जायचो, भार वाहायचो आणि थांबायच्या वेळी थांबायचो. चालवण्यात माझा काही हात नाही म्हणून मला सगळे म्हणत, डमी. म्हणजे नावापुरता. खोटा.

मला बसवलं भाऊराव मिस्त्रीने. हा परभणीकडचा, बोलायला फटकळ, पण हात देवाचे. म्हणजे देव तो मानत नसे. गॅरेजात त्याच्या टेबलावर बाबासाहेबांची तसबीर होती आणि सकाळी पाना हातात घेण्याआधी तो तिला हात जोडायचा. त्याने माझ्या आणि माझ्या शेजारच्या, इंजिनाने फिरणाऱ्या एक्सलच्या मधे तराजूच्या दांडीसारखी एक दांडी बसवली, तिच्यावर स्प्रिंगचे लोखंडी पाटे रचले, आणि मला एक हवेची नळी जोडली. ड्रायव्हरने पाय दाबला की त्या नळीतून हवा यायची आणि माझ्या चाकांच्या आतले ब्रेक आवळायचे. दांडीमुळे झालं असं, की पुढचा खड्ड्यात गेला की मी वर व्हायचो आणि मी खड्ड्यात गेलो की तो. दोघांत भार सारखा. मिस्त्री म्हणायचा, "जावा-जावांसारखं नाही, भावांसारखं राहा."

गाडीचा ड्रायव्हर काशीराम. सावंतवाडीकडचा गडी, अंगाने सडपातळ, कीर्तनाचं वेड. जिथे म्हणून कीर्तन असेल तिथे हा झांज घेऊन बुवांच्या मागे उभा. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. हार, नारळ, लिंबू सगळं पुढे. त्याची बायको प्रेमा कुंकवाचा करंडा घेऊन आली की काशीराम तिला खाली वाकायला लावायचा.

"ह्येका पण लाव गो. ह्यो पण आपलोच आसा."

"ह्या काय? लोखंडाचो दांडो?" ती हसायची. पण बोट लावायची.

तेवढं एक बोट कुंकू मला वर्षभर पुरायचं.

भांडुपच्या टेकडीवर एक दगडाची खाण होती. तिथून माल भरायचा आणि उतार उतरून खाली यायचं. उतार संपतो तिथे रस्ता वळत असे. न वळता सरळ गेलं की मारुतीच्या देवळाचं पटांगण. आम्ही रोज त्या वळणावरून जायचो, आणि काशीराम स्टिअरिंगवरचा एक हात उचलून देवाला नमस्कार करायचा.

एकदा पावसाळ्यानंतर माझ्या ब्रेकच्या डब्यातला रबरी पडदा फाटला. हवा फसफसून बाहेर जायला लागली. माझ्यातून गळती, म्हणून सगळ्याच गाडीची हवा भरेना. भाऊराव तेव्हा आजारी वडिलांसाठी गावी गेलेला. आमच्या मालक शेठच्या दुसऱ्या गाडीवर लवू म्हणून ड्रायव्हर होता. गिरण्यांचा संप झाला आणि गिरणी सुटली, म्हणून गाडीवर आलेला. त्याने खाली वाकून बघितलं आणि शीळ घातली.

"डमीला ब्रेक हवाय कशाला? नळीत बोल्ट मार आणि चल."

"चालेल?" काशीरामने विचारलं.

"नावातच आलं ना यार. पोकळ बांबू आहे तो. त्याच्या पोटात ना गिअर, ना तेल. नुसता बदली कामगार."

गिरणीत जे कायम नसत, कुणी रजेवर असलं तरच ज्यांना काम मिळे, त्यांना बदली म्हणत. लवूने माझ्या नळीचं तोंड बोल्टने बंद केलं. हवा भरायला लागली. गाडी झकास चालली.

मित्रांनो, काम करता न येणं वेगळं आणि काम करू न देणं वेगळं. उतार लागायचा, काशीरामचा पाय ब्रेकवर पडायचा, पुढची चाकं आवळायची, माझा शेजारी आवळायचा, आणि मी मात्र मागून पाहुण्यासारखा येत राहायचो. हवा नळीत बोल्टापर्यंत यायची. मला जाणवायची. तिथूनच परत जायची. आणि गाडीचा सगळा रेटा पुढच्यांवर पडतो आहे हे ठाऊक असून मी काही करू शकत नव्हतो.

काही महिन्यांनी भाऊराव गावाहून आला. वडील गेले होते. तरी पहिल्याच दिवशी तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "हा बोळा कुणाच्या अकलेचा?"

"लवूच्या," काशीराम म्हणाला. "चालतंय ना पण. इतके महिने चाललं."

"चढावर चालतंय. उताराला विचार."

"बघू रे. शेठ गाडी उभी करू देत नाही. या आठवड्यात नाही, पुढच्या."

पुढचा आठवडा आला आणि गेला. त्याच्या पुढचाही.

मग चैत्र लागला. मारुतीच्या पटांगणात मांडव पडला आणि रोज दुपार कलल्यावर वसुधाताईंचं कीर्तन सुरू झालं. गोऱ्या, ठेंगण्या, नऊवारीतल्या बाई, आवाज मात्र असा की वळणापलीकडे ऐकू यावा. पहिल्या दिवशी काशीरामने गाडी मांडवाच्या कडेला लावली आणि झांज घेऊन आत गेला. लोखंडाला कान नसतात असं तुम्ही म्हणाल. पण हरिनाम ऐकायला कान लागतात असं कुठे आहे?

ताईंनी नमन केलं, अभंग लावला, आणि उत्तररंगात एक गोष्ट घेतली. डोंगरावरच्या एका देवाची पालखी दोन भोई वाहत. पुढच्याला हार पडत, कारण लोक समोरून येत. मागच्याला दिसत असे ती फक्त पुढच्याची पाठ. गावाने ठरवलं, पुढचा आहे ना खंबीर, मागे कुणीही चालेल. दांडीला नुसता हात लावून चालला तरी पुरे. ताई थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि बायांनो, देव डोंगर उतरायला लागला. चढताना पालखी खांद्यावर असते. उतरताना पालखी मागच्या भोयाच्या टाचांवर असते. त्याने टाच रोवली, तर देव थांबतो. नाही रोवली, तर देव आणि पुढचा भोई दोघे मिळून दरीत."

झांजेचा एक ठेका चुकला. ताईंनी वळून बघितलं. काशीराम मांडवाबाहेर बघत होता, गाडीच्या मागच्या चाकांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी भरायला गेलाच नाही. सरळ गॅरेजात आणली.

"बोल्ट काढ," तो भाऊरावला म्हणाला.

लवू तिथेच होता. "शेठ बोंबलेल काशी. दुसऱ्याला देईल गाडी."

"देऊ दे. मग दुसऱ्यालाही हेच सांगेन."

भाऊरावने कुर्ल्याहून नवा रबरी पडदा आणला. माझे ब्रेक उघडले, आतली धूळ पुसली, चाकाला घासून धरणारे नवे लायनर ठोकले. काम करता करता पुटपुटत होता, "मी बोंब मारून सांगितलं ते ऐकलं नाहीस. बाईंचं ऐकलंस."

"तू पेटी-तबल्यावर सांगायला हवं होतंस."

"ये मग आमच्या चाळीत. जयंतीला गायनपार्टी आहे. तिथे गाऊन सांगतो." दोघेही हसले. वडील गेल्यापासून भाऊराव हसलेला मी पहिल्यांदा ऐकला.

बोल्ट निघाला. नळीतून हवा आली, आणि बऱ्याच महिन्यांनी माझी चाकं आवळली. आंधळ्याला दिसायला लागावं तसं झालं मला.

त्याच सप्ताहातली ती दुपार. लवूची गाडी दुरुस्तीला होती म्हणून तोही आमच्याबरोबर बसलेला. खाणीतून माल भरून निघालो. ऊन असं की रस्त्याचं डांबर चाकांना चिकटत होतं. उताराच्या मध्यावर माझ्या शेजाऱ्याच्या, त्या इंजिनाने फिरणाऱ्या एक्सलच्या दोन्ही टोकांची, तेल अडवणारी सीलं फाटली. त्याच्या पोटात गिअर असतात आणि गिअरांना तेल लागतं. ते तेल दोन्ही बाजूंनी त्याच्या ब्रेकमध्ये उतरलं. काशीरामने पाय दाबला. शेजाऱ्याने आवळायची शर्थ केली, पण तेलकट हाताने दोर धरावा तसं झालं. सगळं निसटत गेलं.

"काशी, थांबत नाहीये," लवू म्हणाला.

काशीरामने गिअर खाली टाकला. इंजिन किंचाळलं. खाली वळण दिसत होतं, वळणापलीकडे मांडवाचं पांढरं कापड, आणि कापडाआड झांजांचा आवाज. एवढ्या वेगात भरलेली गाडी वळणार नव्हती. मांडवात प्रेमा होती. सबंध वस्तीच्या बायाबापड्या होत्या.

मित्रांनो, तेव्हा मला माझ्या पोकळपणाचा अर्थ कळला. माझ्या पोटात तेल नव्हतं, म्हणून माझे ब्रेक कोरडे होते. ज्यासाठी मला रिकामा म्हणून हिणवलं, तेच रिकामेपण त्या घटकेला कामी आलं. हवा आली, मी टाच रोवली. पुढची चाकं आपल्या परीने धरून होती, पण रेटा सगळा माझ्यावर आला. लायनर जळायला लागले. चाकांच्या आतले लोखंडी ड्रम तापून लाल झाले. मी पुन्हा जन्माच्या आगीत गेलो असं मला वाटलं. मारुतीराया, म्हटलं, तुझ्या दारात येतो आहे, थांबून येऊ दे. कुठेतरी ताडकन आवाज झाला. माझा एक ड्रम तडकला होता. तरी मी सोडलं नाही. गाडी वळणापाशी आली, सरळ पटांगणात शिरली, धूळ उठली, आणि मांडवाचा पहिला दोर बंपरला टेकला तेव्हा आम्ही उभे होतो.

आत कीर्तन चालू होतं. वसुधाताईंचा गजर टिपेला पोचला होता. आतल्या कुणाला काही कळलं नाही.

लवू खाली उतरला आणि जमिनीवरच बसला. काशीराम मांडवात गेला. कापडाच्या आड, अगदी कडेला, प्रेमा बसली होती. ती सरकून जागा करत म्हणाली, "इलात? आज लवकर?"

तो तिच्याशेजारी बसला.

"गाडी थांबली," तो म्हणाला. "म्हणान इलंय."

मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि कापड बाजूला सारून गाडीकडे.  त्याचा हात हातात घेतला, आणि कीर्तन संपेपर्यंत सोडला नाही.

भाऊरावने मला काढलं तेव्हा मी वाकलेला होतो. माझी टोकं जळली होती. माझ्यासारखा मी पुन्हा होणार नाही हे त्याला एका नजरेत कळलं. माझ्या जागी नवा आला. मला रुईच्या झुडपात ठेवलं. त्या संध्याकाळी लवू मागे आला, माझ्यावर बसला आणि विडी न पेटवता बोटांत फिरवत राहिला. भाऊराव हात पुसत तिथे आला.

"गिरणीत मी बदलीच होतो," लवू त्याला म्हणाला. "दारात उभं राहायचं, कुणी आला नाही तर आत घेणार. बायको विचारायची, आज काम मिळालं का. मला तर माहीत असायला हवं होतं ना रे."

भाऊराव त्याच्या शेजारी बसला. दोघांचं वजन मी झेललं. तेवढं अजून जमत होतं.

पुढे वर्षं गेली. काशीरामने दुसरीकडे गाडी धरली. पावसाने मला गंज चढवला. आता गॅरेजची जागा विकली आहे आणि भंगारवाला माझं माप घेऊन गेला आहे. गॅसच्या ज्योतीने मला कापतील आणि पुन्हा भट्टीत घालतील. मला त्याचं भय नाही. लोखंडाला मरण नसतं, नुसतं रूप बदलतं. हे मी कीर्तनातच ऐकलं होतं, बहुधा माणसाबद्दल.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, कामावर असं कुणीतरी असेल, जे पुढे दिसत नाही, ज्याला सगळे जास्तीचं समजतात. त्याला हार घालू नका. त्याला त्याची सवय नसते. फक्त उतार लागायच्या आधी एकदा खाली वाकून बघा, त्याचं काम त्याला करता येतं आहे ना. आणि मी भट्टीतून पुन्हा घडून आलो, तर मला कुठेही बसवा, नाव काय वाटेल ते ठेवा. माझी हवेची नळी तेवढी मोकळी असू द्या.